मांजर का शिंकलं

ऑफिसात त्याला सगळे भिंगकाका म्हणायचे, आणि तेही तोंडावर. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी भिंग आणि नाकाच्या शेंड्यावर राग, असा तो माणूस. जुने सिनेमे साफसूफ करून हाय डेफिनिशन डिस्कवर काढणारी ती कंपनी. तिथे सत्तावीस वर्षं त्याचं एकच काम: डिस्क बाजारात जायच्या आधी बघायची आणि चिठ्ठीवर लिहायचं, पास की नापास. पास लिहिताना त्याचा हात जड व्हायचा. नापास लिहिताना मात्र अक्षर कसं झोकदार यायचं.

घरीही तीच तऱ्हा. पडदा अर्धा इंच तिरका लागला, नापास. चहा गार झाला, नापास. कपाटाचं दार करकरतंय म्हणून सुताराला त्यानं तीनदा चार जिने चढायला लावले होते. हे सगळं सोसणारी एकटी थोरली बहीण, आक्का. लग्न दोघांचंही राहून गेलं आणि दोन खोल्यांच्या घरात दोघं एकमेकांना धरून राहिली. आक्का म्हणायची, "तुझ्या हाती दिला तर चंद्रसुद्धा डाग आहेत म्हणून परत पाठवशील."

तपासायची त्याची एक पद्धत होती आणि तिचा त्याला भारी गर्व. चालता सिनेमा बघायचा तो लोकांनी, तपासनिसानं थांबवून बघायचा. एक चित्र, थांब. पुढचं चित्र, थांब. लाव भिंग. पळत्या चित्रात चूक लपून बसते, असं तो नव्या माणसांना सुनवायचा, आणि ती बिचारी माना डोलवायची.

गिरणीतल्या मांजराचा कार्टून सिनेमा कंपनीकडे आला तेव्हा तो आपणहून साहेबांकडे गेला आणि म्हणाला, हा मला द्या. अडतीस वर्षांपूर्वी हा सिनेमा हातानं काढलेला, आणि काढणाऱ्या साठ-सत्तर जणांत आक्का होती. सुरुवातीच्या नावांत तिचं नाव नाही. रंग भरणाऱ्या बायकांची नावं लावायची पद्धतच नव्हती म्हणे, म्हणजे काम करून घ्यायची तेवढी पद्धत होती. तो तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होता. आक्कानं नेमकं काय रंगवलं, हे त्यानं अडतीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. गवतबिवत रंगवलं असेल, असं धरून चालला होता.

त्यात आक्काच्या डोळ्यांचं बिनसलेलं. आतला पडदा झिजतोय, डॉक्टर म्हणाला, बारीकसारीक आधी दिसेनासं होईल, मग बाकीचं. कधी, ते सांगता येत नाही. अजून तरी ती रोज सकाळी खिडकीशी बसून पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चित्रं काढायची. कधी समोरची गच्ची, कधी वाळत घातलेले कपडे. त्याला वाटलं, डोळे धड आहेत तोवर तिला तिचा सिनेमा चकाचक बघू दे.

कंपनीचा नियम असा की शेवटची तपासणी घरच्या साध्या टीव्हीवर करायची, घरातली माणसं जशी बघतील तशी. म्हणून रविवारी दुपारी त्यानं आक्काला समोर बसवलं आणि डिस्क लावली. मांडीवर कागद, कागदावर अकरा मुद्दे. रेषा स्वच्छ, टिक. रंग ठसठशीत, टिक. आवाज ओठांबरोबर, टिक. अकराच्या अकरा मुद्द्यांवर टिक पडायची ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असेल. आक्का मध्येच उठून आत गेली आणि भांडी घासत बसली. सिनेमा संपल्यावर त्यानं विचारलं तर म्हणाली, "छान झालाय. अगदी स्वच्छ." त्यानं पास लिहिलं. सही तेवढी ऑफिसात साहेबांपुढे करायची होती.

सकाळी बूट घालताना त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं. ब्रशांची बरणी रिकामी होती.

"ब्रश कुठे गेले?"

"शेजारच्या बाईंना दिले. त्यांना कधीचं शिकायचंय."

"आणि तू?"

"मला काय करायचेत आता." आक्का टॉवेलाची घडी घालत होती. "काल गिरणीत मला पिठाचा एक कण दिसला नाही. मांजर दिसलं, मिशा दिसल्या, जात्याचा दगड दिसला. पीठ नाही. बारीक आधी जातं, म्हणाला होता ना डॉक्टर? गेलं."

"कुठलं पीठ?"

आक्कानं घडी खाली ठेवली. "माझं पीठ. उन्हाच्या तिरिपेत उडतं ते. चार महिने मी तेवढंच केलं. दर चित्राला वेगळा पारदर्शक कागद, त्यावर पांढरे ठिपके, आणि दरेक ठिपका आधीच्या चित्रापेक्षा एवढासा खाली. तुला काय वाटलं, मी तिथे काय करत होते?"

तो एका पायात बूट घालून टीव्हीकडे गेला आणि डिस्क लावली. गिरणीवाला झोपलाय, मांजर पोत्याआड दडलंय, खिडकीतून ऊन येतंय. आणि हवा कशी, तर ऑपरेशनच्या खोलीसारखी निर्मळ. मांजराचं नाक हुळहुळतं, मांजर शिंकतं, गिरणीवाला जागा होतो आणि मांजराला उचलून घरी नेतो. अख्खा सिनेमा त्या एका शिंकेवर उभा. आणि पीठच नाही? मग ते मांजर शिंकलं कशाला, सर्दी झाली होती त्याला? त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"आक्का, पीठ इथे नाहीच आहे. मलाही दिसत नाही."

"उगीच समजूत काढू नकोस माझी."

"अगं, खरंच नाहीये."

"तू तपासलंस ना? अकरा वेळा टिक केलंस. एवढं पीठ गायब असतं तर तुला कळलं नसतं?" ती पुन्हा घडी घालायला लागली. "माझे डोळे गेलेत. तुझे शाबूत आहेत. दुसऱ्याला आंधळं ठरवून मला बरं वाटणार नाही."

दुसरा बूट घालून तो निघाला. जिन्यात सुतार भेटला, त्यानं नमस्कार केला, तर ह्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाटेत सगळं भाषण तयार झालं होतं.

साफसफाईच्या खोलीतली पोरगी मशीनसमोर बसली होती. जुन्या फिल्मवरची धूळ, ओरखडे पुसायचं काम तिचं. भिंगकाकानं तिला बसल्या जागी झोडपायला सुरुवात केली. डोळे आहेत की बटणं? पीठ आणि धूळ यांतला फरक कळत नाही? चार महिने एक बाई मान मोडून ठिपके देते, आणि तुम्ही बटण दाबून ते झाडून टाकता? लाज कशी वाटत नाही? शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. तो दमला, तेव्हा पोरगीनं खण उघडला आणि एक चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली.

"हे अक्षर कोणाचं, काका?"

दोन महिन्यांपूर्वीची चिठ्ठी. पहिल्या तपासणीची. 'गिरणीचे दृश्य. पांढरी घाण सगळीकडे. पुसून टाकावी.' खाली झोकदार सही.

"मी म्हटलं होतं तुम्हाला, एकदा चालवून बघा, काहीतरी उडतंय ते. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस."

म्हणालाच होता. त्याला शब्दन् शब्द आठवला. एक चित्र थांबवलं, भिंग लावलं, पांढरे ठिपके दिसले. थांबवलेल्या चित्रात पीठ उडत नाही, ते नुसतं चिकटलेलं दिसतं. त्याच्यानं तिथे उभं राहवेना. पण बसायलाही कोणी सांगितलं नाही.

"मूळचं आहे का कुठे?" त्यानं विचारलं.

"आहे. पुसायच्या आधीचं मी ठेवते. तुम्हीच शिकवलंय ते."

साहेबांना सांगितलं तर साहेब हसायला लागले. "अहो, मांजर शिंकतं, मुलं हसतात. पीठ बघतंय कोण? तारीख जाहीर झालीय. सही करा आणि मोकळे व्हा."

"बघणारी एक आहे," तो म्हणाला. "तिच्याच डोळ्यांवर उठलंय हे." आणि पासवर काट मारून त्यानं नापास लिहिलं.

"कारण काय लिहिणार?"

"तपासनिसाची चूक."

साहेबांचं हसू गेलं. डिस्क दोन आठवडे पुढे जाईल, वर जाब मला द्यावा लागेल, आणि यापुढे हातानं काढलेला एकही सिनेमा तुम्हाला मिळणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. "नका देऊ," म्हणून तो बाहेर पडला. राग अजून उकळत होता, फक्त आता तो दुसऱ्या कोणावर काढता येत नव्हता.

संध्याकाळी त्यानं पोरगीनं करून दिलेली मूळची डिस्क लावली. आक्का बसायलाच तयार नव्हती. ही पुसायच्या आधीची आहे, म्हणत त्यानं हात धरून बसवलं. गिरणी आली, ऊन आलं, आणि त्या तिरिपेत पीठ उडायला लागलं.

आक्का पुढे सरकली. आणखी पुढे. मग उठून टीव्हीपासून हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली.

"तो बघ, कानाजवळचा," ती म्हणाली. "जरा मोठा आहे बघ. त्या दिवशी मलाच शिंक आली होती. आमच्या रंगखात्याच्या बाईंनी चालवून घेतला."

मांजर शिंकलं. आक्का हसली आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. "दिसतंय रे मला. सगळं दिसतंय." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "मशीननं खाल्लं होय पीठ? तरीच."

हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. बसमध्ये त्यानं तेच म्हणायचं ठरवलं होतं. त्यानं खिशातून पोरगीच्या खणातली ती चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली.

आक्कानं ती खिडकीशी नेली, डोळ्यांजवळ धरली आणि सावकाश वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

"घाण," ती म्हणाली.

टीव्हीवर सिनेमा चालूच होता. आक्कानं चिठ्ठीची घडी घातली आणि त्याच्याच खिशात, भिंगाशेजारी ठेवली. "जा, शेजारून माझे ब्रश घेऊन ये. आणि का परत हवेत ते त्यांना नीट सांग. मशीनचं नाव घेऊ नकोस."

तो दाराकडे निघाला.

"थांब," आक्का म्हणाली. "आधी मला सांग."

सत्तावीस वर्षं तो लोकांकडून हेच वदवून घेत आला होता, सुतारापासून साहेबांपर्यंत. आता ते स्वतःच्या तोंडून काढायचं होतं.

"माझं चुकलं, आक्का."

"हं," ती म्हणाली. "आता जा."