रोखलेला श्वास

एक्स-रे शिकायला आलेल्या नव्या मुलांना मी आधी बोलायला शिकवते. "मोठा श्वास घ्या. रोखून धरा. आता सोडा." आज प्राजक्ताने एका आजोबांच्या छातीचा फोटो काढला आणि लगेच पडद्याकडे वळली. फोटो स्वच्छ आला होता. काचेपलीकडे पाठमोरे आजोबा मात्र हनुवटी वर करून तसेच उभे, खांदे थरथरत होते.

"अगं, त्यांना श्वास सोडायला सांग आधी," मी म्हटलं.

आजोबा खोकून हसले. "विसरलीस होय गं मला?" मग शर्टाची बटणं लावताना हळूच विचारलं, "काय दिसलं?"

प्राजक्ता माझ्याकडे पाहू लागली. ते आम्ही सांगायचं नसतं. "रिपोर्ट डॉक्टर देतात, उद्या मिळेल," मी म्हटलं.

दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. "घ्या" आणि "धरा" आम्ही हक्काने म्हणतो. "सोडा" म्हटलं तरी रिपोर्ट येईपर्यंत माणूस कुठे सुटतो?

संध्याकाळी प्राजक्ताबरोबर निघाले, तर आजोबा बाहेर बाकावरच.

"उद्या मिळेल म्हटलं ना, आजोबा?"

"घरी जाऊन तरी काय करू, बाई?"

मी पर्स प्राजक्ताच्या हातात दिली आणि डॉक्टरांच्या खोलीचं दार वाजवलं.