मामांना न दिलेली पत्रिका

वर्तकनगरला आमच्या कॉलनीमागे, टेकडीच्या पायथ्याशी, कुष्ठरोगातून बरे झालेल्यांची वसाहत होती. वीस-पंचवीस घरं. कॉलनीतली माणसं तिकडे बघायचीही टाळत. क्रिकेटचा बॉल त्या बाजूला गेला की मुलं नवा आणायची. माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते आणि कॉलनीच्या मंडळाचे सेक्रेटरी. सगळे त्यांना भाऊ म्हणत.

मी नववीत असताना एका रविवारी वसाहतीचे पुढारी आमच्या दारात आले. त्यांना सगळे मामा म्हणायचे. उजव्या हाताची बोटं झिजलेली, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. उंबऱ्याबाहेर उभे राहूनच बोलले.

"भाऊ, आमची पोरं ठणठणीत आहेत. डॉक्टरांचे दाखले आणलेत. तेवढी तुमच्या बालवाडीत घ्या."

बालवाडी मंडळाच्या खोलीत भरायची आणि आई शिकवायची. बाबांनी दाखले न वाचताच परत दिले. "उद्यापासून पाठवा," म्हणाले.

सात मुलं आली, डोक्याला तेल चोपडून, भांग पाडून. आठवडाभरात कॉलनीतली जवळजवळ सगळी मुलं यायची बंद झाली. मंडळाच्या मीटिंगमध्ये आरडाओरडा झाला. "भाऊ, पुण्य कमवायचंय तर स्वतःच्या घरात कमवा!" बाबांनी आवाज चढवला नाही. सेकंड शिफ्ट असली की ते सकाळी मामांना घेऊन बिल्डिंगा फिरायचे. बाबा दारात बोलायचे, मामा दोन पायऱ्या खाली थांबायचे. कुणी ऐकून घ्यायचं, कुणी तोंडावर दार लावायचं. वर्ष सरता सरता निम्मी मुलं परत आली. गणपतीच्या महाप्रसादाला मामा पहिल्यांदा बाबांच्या शेजारी बसले तेव्हा पंगतीतले चौघं उठून गेले. पुढच्या वर्षी कुणी उठलं नाही. त्या दिवशी बाबांनी तीनदा मसालेभात मागून घेतला.

हे सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं. तरी मी जे केलं ते केलं.

नव्वदनंतर माझं लग्न डोंबिवलीला ठरलं. बोलणी संपवून उठताना होणाऱ्या सासूबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "ते टेकडीखालचे लोक तुमच्याकडे जेवायला असतात म्हणे?"

पत्रिका छापून आल्या त्या संध्याकाळी बाबा त्यांच्यावर नावं घालत बसलेले.

"बाबा, मामांना लग्नाला नका बोलावू."

त्यांनी पेन थांबवलं. "तुला नकोयत ते?"

"मला नाही हो. पण सासरच्यांना चालायचं नाही. मला तिथे जन्म काढायचाय."

समोरच्या पत्रिकेवर त्यांच्या गोल अक्षरात 'मामा व सर्व वसाहत' लिहून झालेलं होतं. ती त्यांनी गठ्ठ्यातून काढली आणि बाजूला ठेवली. "बरं. लग्न तुझं आहे," एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

लग्नानंतर बाबांनी वसाहतीत जाणं सोडलं. मंडळाचं कामही सोडलं. लोकांना सांगायचे, गुडघे दुखतात. आईला मात्र एकदा म्हणाले होते, "आता कुठल्या तोंडाने जाऊ?" आईने ते मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं, बाबा गेले त्या रात्री.

बाबांना न्यायच्या दिवशी अंगणात माणसं मावत नव्हती. मामा दहा-बारा जणांसोबत गेटबाहेर उभे होते. मी धावत गेले.

"आत या ना, मामा."

"नको पोरी, गर्दी आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक विचारू? भाऊ यायचे का थांबले? आम्ही लई डोकं खाजवलं. आमच्याकडून काही चुकलं होतं का?"

मी सांगितलं. तिथेच, रडत, सगळं सांगितलं. पत्रिकेचं, सासरच्यांचं, माझं. ते ऐकत होते.

"मुलं किती तुला?"

"दोन."

"घेऊन ये एकदा."

माझ्याने लगेच जाववलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत दोन वर्षं गेली. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन गेले तर मामा नव्हते. पावसाळ्यातच गेले, त्यांच्या सुनेने सांगितलं. आईच्या बालवाडीत आलेल्या त्या पहिल्या सातांतली ती एक होती, मी ओळखलं नाही. तिने आम्हाला बसायला सतरंजी घातली, चहा केला. मी घेतला, मुलांनीही घेतला. शेवटचा घोट संपेपर्यंत ती दाराला टेकून आमच्या कपांकडेच बघत होती.