बांधावरच्याने ऐकायचं

"आजी, तो डायलॉग मारा ना."

पाहुण्याने मोबाइल वर धरला. माझ्या आईने हातातली बादली खाली ठेवली. पोहण्याच्या तलावाच्या कडेला, बोर्डाशेजारी जाऊन उभी राहिली आणि बोलली, "एवढा पानी भरलाय, मंग भात का नाय लावला?"

सगळे हसले. व्हिडिओ हलला म्हणून पुन्हा बोलायला लावलं. आई पुन्हा बोलली. बोर्डावर तिचंच चित्र. पुढे आलेले दात, डोक्यावर हंडा. खाली तेच वाक्य. ते वाक्य मी दिलं होतं.

मुरबाडच्या पुढे हे रिसॉर्ट. आई खोल्या झाडायची, मी ऑफिसात बसून जाहिराती लिहायची. माझी पहिली जाहिरात होती, "आमच्याकडे नेटवर्क नाय. साहेबाला खोटं सांगावं लागणार नाय." ती खूप चालली. मालक खूश. म्हणाले, "असंच गावठी आण." मी हुरळले. शिकलेल्या लोकांना आपण हसवतो, याची नशा चढली होती. म्हणून पहिल्या दिवशी तलाव बघून आई काय बोलली, ते मी मालकांना सांगून टाकलं.

ती गंमत करत नव्हती. आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, वाटीवाटीने हंडा भरावा लागतो. तिने खरंच विचारलं होतं. मी त्याचा विनोद केला, मालकाने चित्र केलं. या दोन्हींत फरक आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले.

घरी म्हटलं, "आय, नको बोलू."

"बोलून काय मी झिजते का गो? दोघींचा काम हाय तिथं."

ऑफिसच्या खिडकीतून रोज तिचा आवाज यायचा, मागून हसणं. मी टाइप करत राहायची. लाज वाटायची आणि बोटं चालायची.

मग सुट्टी काढून दोघी भाताच्या आवणीला गेलो. आमच्याकडे भात लावताना बाया बांधावरून जाणाऱ्यावर गाणं रचतात. शेताचा मालक असला तरी सुटका नाही, त्याने उभं राहून ऐकायचं. पण चिखलात वाकलेलीवर कोणी रचत नाही. ही रीत आहे. गाणं रचण्यात माझ्या आईचा हात कोणी धरत नाही. त्या दिवशी शेताचा मालक छत्री घेऊन बांधावर आला. बाया म्हणाल्या, "रच ना गो."

आई मान वर न करता म्हणाली, "नको. आता माझ्यावरच हसतात."

माझ्या हातातली रोपं तशीच राहिली.

रिसॉर्टवर परत गेल्यावर तिथले मालक म्हणाले, "आईचा मोठा व्हिडिओ करू. तू लिही."

"नाय लिहिणार. बोर्ड पण काढा."

"अगं, विनोद आहे. एवढं मनाला लावायचं नसतं."

"मग तुमच्यावर लिहिते. तुमी उभे राहा बोर्डाजवळ."

ते हसले नाहीत. दोघींचं काम त्याच दिवशी गेलं.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं नाही, चूल तिलाच पेटवायची असते. बोर्ड अजून तिथंच आहे. मला दुसरं काम मिळालेलं नाही.

मिळेल तिथे मी जाहिराती लिहीन. लोकांना हसवीनही, ते मला येतं. पण चिखलातल्या बाईवर एक ओळ लिहिणार नाही. कोणी मागितलीच, तर आधी त्याला बांधावर उभा करीन आणि ऐकायला लावीन.