प्रश्न सोडला की वाजणारी वाटी

आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेची तयारी करून घेणाऱ्या बाईंसमोर एक पितळी घंटा असायची. वेळ संपली की घंटा सगळेच परीक्षक वाजवतात. आमच्या बाई मुद्दा सोडला की वाजवायच्या. "विचारलं काय, सांगतेस काय?" एवढंच म्हणायच्या, आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावायच्या. पुढे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये माझी मुलगी शाळेच्या डिबेट टीममध्ये गेली, तेव्हा मी तीच पद्धत आमच्या जेवणाच्या टेबलावर आणली. घंटा नव्हती म्हणून स्टीलची वाटी आणि चमचा. पोरीने उत्तर द्यायचं सोडून इकडचं तिकडचं सुरू केलं की टण्! चिडायची, पाय आपटत वर निघून जायची, पण शिकली. शेवटी टीमची कॅप्टन झाली.

त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची डिबेट टीव्हीवर असली की वाटी-चमचा आमच्या सोफ्यावर येतो. मतदानाचा हक्क आम्हा तिघांपैकी कुणालाही नाही, पण मतं मात्र माझी ढीगभर. या वेळीही वाटी आली. नवऱ्याने खिचडी टाकली होती आणि मुलगी कॉलेजच्या हॉस्टेलवरून मुद्दाम घरी आली होती.

फक्त या वेळी आम्ही मजा बघायला बसलो नव्हतो. आम्ही या देशात आलो तेव्हा ती दुडुदुडू चालत होती. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज ती बालवाडीत असल्यापासून रांगेत पडून आहे, आणि भारतीयांची रांग काही हलत नाही. मूल एकवीस वर्षांचं झालं की आईबापांच्या अर्जातून गळतं. येत्या फेब्रुवारीत ती एकवीसची होईल. मग इथे ती परदेशी विद्यार्थिनी. शिक्षण संपल्यावर नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नंबर नाही लागला, तर म्हणे परत जा. परत म्हणजे कुठे, तर जिथली एकही गोष्ट तिला आठवत नाही तिथे. अशा मुलांबद्दल दोघांपैकी कुणीतरी एक वाक्य बोलावं, एवढीच आमची अपेक्षा होती.

पहिला प्रश्न महागाईचा होता. पडद्यावर डावीकडे उभा असलेल्याने आपल्या बालपणाची गोष्ट सांगितली. टण्. उजवीकडच्याला हॉस्पिटलच्या बिलांबद्दल विचारलं, तर तो समोरचा कसा खोटारडा आहे ते सांगत सुटला. टण्, टण्. निवेदिका बिचारी "सर, प्रश्न असा होता" म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होती. पालथ्या घड्यावर पाणी! आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या वक्तृत्व स्पर्धेत हे दोघं पहिल्याच फेरीत घरी गेले असते. इतका मोठा देश, आणि माणसं शोधून शोधून आणली ती ही?

"अगं, शेजारी तक्रार करतील. वाटी ठेव ती," नवरा म्हणाला.

"करू देत. त्यांनाही कळू दे."

मुलगी हसली. तेवढंच त्या संध्याकाळचं हसू.

मग इमिग्रेशनचा प्रश्न आला. नवऱ्याने आवाज वाढवला आणि ताटली खाली ठेवली. डावीकडचा सीमेबद्दल बोलला. उजवीकडचाही सीमेबद्दलच बोलला. एकाने दुसऱ्याला निर्दयी म्हटलं, दुसऱ्याने पहिल्याला नेभळट म्हटलं. मधेच 'कायदेशीर' असा शब्द ऐकू आला आणि मी सरसावून बसले. पण तो इतरांना दटावण्यासाठी होता, यायचं तर कायदेशीर मार्गाने या म्हणून. अरे बाबांनो, आम्ही त्याच मार्गाने आलो ना! वेळ संपली, निवेदिका पुढच्या प्रश्नाकडे वळली. माझ्या हातातला चमचा हातातच राहिला. त्यांनी मुद्दा सोडला नव्हता, त्यांच्या मुद्द्यात आम्ही नव्हतोच. मला रडू आलं. इतकी वर्षं टॅक्स भरला, बर्फ उपसला, शाळेच्या प्रत्येक जत्रेत समोसे तळले, आणि आपण इथे कुणाच्या गणतीतच नाही हे मला त्या क्षणी पुरतं कळलं. खिचडी कुणी संपवली नाही.

डिबेट संपली. कोण जिंकलं यावर तज्ज्ञांची चर्चा सुरू झाली, तेव्हा नवऱ्याने टीव्ही बंद केला. मुलगी सोफ्यावर माझ्याकडे तोंड करून मांडी घालून बसली.

"आई, टेल मी स्ट्रेट," ती म्हणाली. "मला जावं लागणार आहे का?"

"हे बघ," मी म्हटलं, "आपले वकील चांगले आहेत. आणि निवडणूक होऊन गेली की हे लोक शांत होतात, मग कायद्यांचं काहीतरी होतंच. तुझे मार्क्स किती छान आहेत! आणि समजा काही झालंच, तर पुण्यात आत्या आहे, तिच्याकडे वरची खोली रिकामीच आहे, आणि हल्ली तिकडेही सगळं..."

टण्.

चमचा माझ्या मांडीवरून तिने कधी उचलला ते मला कळलंच नव्हतं. जोरात नाही वाजवली, अगदी हळू वाजवली. चिडलेली नव्हती. नवरा बंद टीव्हीकडे बघत राहिला.

"आई, क्वेश्चन," ती म्हणाली.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "हे बघ," म्हटलं. ती चमचा हातात धरून थांबली होती.