वराळ्याचा गोल्ड मेंबर

शकुबाईंचा फोन आला तेव्हा मी वडगावात एका साहेबाच्या टेबलासमोर आवाज चढवून उभा होतो.

"कैलासभाऊ, पोरगं घर सोडून गेलं. लोणावळ्याच्या हाटेलात जाऊन ऱ्हायलंय. तुमी आना त्याला."

वराळ्यापासून लोणावळा ते किती लांब! तेवढ्यासाठी कुणी हॉटेलात राहत नाही. राहिलाच तर घरात भांडण, नाहीतर दुसरं काहीतरी. ते 'दुसरं' शकुबाई बोलल्या नाहीत. पण मी पोचलो तेव्हा त्यांची सून चैताली चपला घालूनच दारात उभी होती.

"लोणावळ्यात मशीन बंद पडलंय असं सांगून, हॉटेलचं नाव देऊन गेलेत. कंपनीत फोन केला तर म्हणे तिकडं आपलं मशीनच नाही. मी येते तुमच्या गाडीवर. कोण आहे ती, मला बघायचीय."

शकुबाईंच्या धम्मदीपला मी चड्डीत असल्यापासून ओळखतो. आमच्या अभ्यासिकेत बसून त्यानं आयटीआय केलं, फिटर झाला, तळेगावच्या एका पॅकिंग मशीनच्या कंपनीत लागला. तेव्हापासून निम्मा महिना बाहेर. वापी, बद्दी, होसूर, कुठं बिस्किटाचं मशीन अडकलं की हा बॅग उचलून निघाला. सुरुवातीला कंपनी इंजिनिअरला हॉटेल द्यायची आणि याला प्लांटच्या स्टोअरमध्ये खोक्यांवर झोपवायची. मीच त्याला म्हणालो, भांड. तो भांडला. हॉटेल मिळालं. असा पोरगा भानगड करेल? पण चैताली लोणावळ्यापर्यंत मागून 'जोरात चालवा' म्हणत राहिली, तेव्हा माझीही खात्री डळमळली.

थर्टीफर्स्ट तोंडावर. गाव पाहुण्यांनी तुंबलेलं. हॉटेलाच्या काउंटरवर एक पोरगी होती, छातीवर 'प्रेरणा' अशी पाटी.

"धम्मदीप कितव्या खोलीत आहे?"

"सर, गेस्टची माहिती देता येत नाही."

"का? मंत्री लागून गेलाय का तो?"

"सर, ते गोल्ड आहेत."

"कसला गोल्ड? फिटर आहे तो, वराळ्याचा!"

माझा आवाज वाढल्यावर तिनं वर फोन लावला. धम्मदीप खाली आला. अंगात बनियन, पायात हॉटेलच्या पांढऱ्या सपाता. चैतालीला बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं एवढंच म्हटलं, "खोली दाखवा."

खोलीत पलंग, याची एकट्याची बॅग, टेबलावर फळांची परडी आणि त्यात याच्या नावाचं कार्ड. चैतालीनं न्हाणीचा पडदा बाजूला केला, कपाट उघडलं. कुणी नाही.

"मग इथं काय करताय?"

"झोपतोय."

आता माझं टाळकं सटकलं. "झोपायला घर नाही का तुला?"

मग त्यानं मोबाइल काढला. त्यात दोन ॲप, दोन हॉटेल कंपन्यांची. एक निळं, एक तांबडं.

"निळं रात्री मोजतं, भाऊ. तांबडं पैसे मोजतं. ठरल्याएवढं झालं की गोल्ड."

"म्हणजे जो जास्त झोपेल तो मोठा?"

"निळ्यात. तांबड्यात जो जास्त उडवेल तो."

"मग चांगलं कुठलं?"

"तांबड्यात मोठी खोली देतात, पण शिल्लक असली तर. निळ्यात सकाळचा नाष्टा दोघांना फुकट, तो नक्की. पण कंपनीनं स्वस्तातल्या साइटवरून बुकिंग केलं की दोन्हीकडं रात्र बुडाली. पहिल्या वर्षी मी निम्म्या रात्री इकडं, निम्म्या तिकडं काढल्या. दोन डगरींवर पाय. कुठंच गोल्ड झालो नाही. मग निळं धरलं आणि झालो. यंदा वापीचं काम रद्द झालं, दोन रात्री कमी पडल्या, त्या पदरच्या पैशानं काढतोय. काल एक झाली. उद्यापासून थर्टीफर्स्टचं सगळं भरलंय, आजची झाली नाही तर गोल्ड गेलं."

"एकदा मिळालेलं जातं कसं?"

"दर वर्षी नव्यानं झोपायचं, भाऊ."

चैतालीनं खोलीचं भाडं विचारलं. त्यानं हळूच सांगितलं. ती पलंगाच्या कडेला टेकली. "दुसरी बाई असती तर मला भांडता तरी आलं असतं. याच्याशी कसं भांडू?"

ती भांडेना, मग मी भांडलो. रेशन दुकान असो, दवाखाना असो, ज्याची ओळख त्याचं काम आधी, हे मोडण्यात माझी निम्मी हयात गेली. "आणि तू वेगळ्या रांगेत जाऊन उभा राहिलास? वर त्यासाठी घरच्यांशी खोटं बोललास?"

"खोटं बोललो, चुकलं," तो चैतालीकडं बघत म्हणाला. "खरं सांगितलं असतं तर तू हसली असतीस. पण भाऊ, बाहेरगावी कुठंही गेलो की लोक आडनाव विचारतात. त्यावरून नाही कळलं तर गाव. मग गावातली आळी. कशासाठी ते तुम्हाला सांगायला नको. इथं काउंटरवरची पोरगी नंबर बघते आणि उभी राहते. पुढचा प्रश्न येतच नाही."

मी म्हणणार होतो, विकत घेतलेला मान तो काय मान! मग वाटलं, बिनपैशाचा, जन्मानं मिळणारा मान, त्याच्याशीच तर आमचं भांडण. मग हा बरा म्हणायचा का?

तेवढ्यात प्रेरणा स्वतः चहा घेऊन आली, बहुतेक माझ्या आवाजाच्या धास्तीनं. चैतालीनं तिलाच विचारलं, "हे आत्ता घरी आले तर यांची रात्र बुडेल?"

"चेक-आउट उद्या केलं तर नाही बुडणार, मॅडम. सर झोपले का नाही, ते सिस्टिमला कुठं कळतंय?"

"संपला विषय!" मी उठलोच. "किल्ली खिशात टाक, चल घरी."

धम्मदीप जागचा हलेना. "न झोपता रात्र लावून घेऊ? कंपनीत खोटा ओव्हरटाइम लावणाऱ्यांच्या विरोधात मला उभं कुणी केलं होतं?"

आता घ्या. मी चहाचा कप उचलला, तो धम्मदीपचा निघाला.

चैतालीनं परडीतलं कार्ड उचलून वाचलं. मग म्हणाली, "नाष्टा दोघांना म्हणालात ना?"

"हो."

"मग मी पण राहते. एवढं भाडं भरलंय तर खाऊनच जाऊ. पण पुढच्या वर्षी कमी पडल्या तर आधी मला सांगायचं." आणि तिनं चपला काढल्या.

मी खाली येऊन गाडीपाशी उभ्या उभ्याच फोन लावला. "मावशी, काळजी करू नका. बाई नाही, भांडण नाही."

"मंग आनलं का त्याला?"

"तो आजची रात्र हितंच ऱ्हातोय."

"आन सून?"

"ती पण ऱ्हातीय."

"अगं माय! म्हंजे तीबी घर सोडून गेली?"

मी समजावायला लागलो. निळं, तांबडं, रात्री, नाष्टा. दर वर्षी नव्यानं झोपायचं इथवर आलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "कैलासभाऊ, तुमी हाटेलात काय घेतलं का?"

"चहा, मावशी."

गोल्ड टिकलं. मावशींना दुसऱ्या दिवशी चैतालीनं समजावलं आणि त्यांना पटलंही, असं कळलं. नेमकं काय समजावलं, ते विचारायला मी अजून गेलेलो नाही.