तिथीची पाऊणपट

महाडच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान होतं. सावित्री नदीला पाणी चढलं की भोंगा वाजायचा आणि सगळी पेठ एकाच कामाला लागायची: खालचा माल माळ्यावर. पळापळ नसायची. कुणी चहा सांगायचं, कुणी शेजाऱ्याला टोमणा मारायचं, "शेट, जुना माल यंदा तरी वाहून जाऊ द्या की." पुराचं गणित सगळ्यांना पाठ होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. ती खाडीतून आमच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ आणखी धरायचा. ओहोटी लागली की नदीला वाट मिळते आणि पूर उतरतो. सासऱ्यांनी हे यांना शिकवलं, यांनी धाकट्या भावाला. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करायचे. चंद्रावरून नदीचं कळतं, हे मलाही फार आवडायचं.

त्या पावसाळ्यात भोंगा वाजला तेव्हा मी दुकानातच होते. दीर खरेदीसाठी मुंबईला गेले होते. हे एकटेच तागे वर चढवत होते.

"राहू द्या ते. चला ना घरी," मी म्हणाले.

"आज द्वितीया. दीडची भरती, आपल्याकडे तीन धर. चहाला येतो."

"पाणी भराभर चढतंय हो."

"तू पुस्तकं सांभाळ, पाणी माझ्याकडे," ते हसले. "आणि भजी कर."

मी चढावरच्या घरी आले, पीठ भिजवलं. चहाची वेळ टळून गेली. पाणी उतरायचं सोडून आमच्या आळीच्या तोंडाशी आलं. तिथे ते कधीच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओसरल्यावर लोक दुकानात शिरले. हे माळ्यावर सापडले. पाणी माळ्याच्याही वर गेलं होतं.

भेटायला येणारे हळू आवाजात तिथी विचारायचे आणि मनाशी पाऊणपट करून बघायचे. खाडीकाठच्या तुडील गावचं एक जुनं गिऱ्हाईक आलं होतं. ते म्हणालं, "वयनी, ओहोटी लागली व्हती. मी डोळ्यांनी बघितली. पन वरनं येनारं पानी थांबतच नाय. आमीबी ओहोटीच्याच भरवशावर बसलो व्हतो."

वरनं, म्हणजे पोलादपूरकडून, वरंधच्या घाटातून. तिकडे जो पाऊस पूर्वी पंधरवडाभर रेंगाळायचा, तो आता एका दिवसात कोसळतो, असं पुढे सगळेच म्हणू लागले. म्हणताना माळे मात्र उंच करू लागले. दिरांनीही केला. मी म्हटलं, दुकानच वर हायवेकडे नेऊ.

"वहिनी, गिऱ्हाईक चढ चढून येईल होय? माळा चांगला वर घेतलाय आता."

पुढच्या पावसाळ्यात भोंगा वाजला, तशी मी ग्रंथालय बंद करून थेट दुकानात गेले. दिरांच्या खांद्यावर ताग्यांची चळत होती.

"तुम्ही कशाला आलात, वहिनी? थोड्या वेळात भरती उतरेल."

मी गादीवर बसले. "तुम्ही निघालात की मी उठेन, भाऊजी."

"अहो, अर्धा माल खाली आहे. लोक हसतील."

"हसू देत."

ते आणखी काही तागे घेऊन वर गेले, खाली आले. मी तशीच बसून होते. पाणी पायरीला लागलं तेव्हा त्यांनी एकदा मालाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि शटर ओढलं. घोटाभर पाण्यातून आम्ही घरी आलो.

चहाच्या सुमाराला पाणी उतरू लागलं. अगदी तिथीने सांगितलं होतं तसं.

संध्याकाळी दीर दुकान बघून आले. खालचे तागे भिजले होते. गणवेशाच्या कापडाचा निळा रंग त्यांच्या हातांना लागला होता. जाऊबाईंनी पुढे ठेवलेला कप त्यांनी उचलला नाही.

"गणित बरोबर होतं, वहिनी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच जड गेलं. "पुढच्या वेळी नका येऊ. मी निघणार नाही."

दुपारी मी खिडकीतून पाणी उतरताना बघत होते, तेव्हा ते उतरू नये असं मला वाटलं होतं. हे त्यांना कसं सांगणार?