पिवळे हात आणि शेवटचा भाग

भाचीला हळद लावताना वास आला आणि मी एकदम नाशिकच्या त्या थिएटरात जाऊन बसले. जादूगारांच्या मालिकेचा शेवटचा सिनेमा होता. हळद लागलेल्या मुलीनं घराबाहेर पडायचं नसतं, तरी माझी कॉलेजातली मैत्रीण वैशाली पिवळे हात ओढणीत लपवून दिंडोरीहून आली होती.

शेवटी सगळं थिएटर रडत होतं, मध्येच शिट्ट्याही वाजत होत्या. दिवे लागले तरी वैशाली उठेना.

"अजून एक भाग काढतील ना गं?"

"नाय काढणार. गोष्टच संपली."

"असू दे. लग्नानंतर परीक्षेला येईन ना मी, तेव्हा हाच परत बघू."

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, अभिमानानं सांगते. परीक्षेला वैशालीचा बाक रिकामाच होता.

"मावशी, परीक्षा लग्नानंतर देईन," भाची आत्ताच म्हणाली. मी तिच्या गालाला हळद लावत राहिले.